बाखाराखच्या किल्ल्यात मुक्काम: बुकिंगपासून चादरी परत देईपर्यंत सगळं

जर्मनीत माइन्झजवळ राहते त्यामुळे दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच, आई-बाबा, मावशी, नवऱ्याचे मित्र, आणि प्रत्येकाला एकदा तरी मी बाखाराखला घेऊन जाते. ऱ्हाइन नदीच्या काठावरचं साधारण दोन हजार वस्तीचं गाव, आणि त्याच्या डोक्यावर बुर्ग श्टालेक नावाचा किल्ला. ह्या किल्ल्यात युगेंडहेर्बेर्गे आहे, म्हणजे आपलं यूथ हॉस्टेल. आत्तापर्यंत पाच वेळा राहिलेय तिथे. दर वेळी कोणीतरी विचारतं की कसं बुक केलंस, शाकाहारी माणसाचं काय होतं, आईला चढवेल का, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

आधी एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. दोन रात्री राहा. एक रात्र राहून काही उपयोग नाही. एका रात्रीत काय होतं की दुपारी पोचायचं, चढून दमायचं, जेवून झोपायचं आणि सकाळी नाश्ता करून पळायचं, आणि ज्यासाठी इथे राहायचं तेच सुटतं. दुपारी गावात बोटीतून आणि बसमधून उतरलेले लोक असतात, अंगणात हॉस्टेलमधे न राहणारे पण येऊन फोटो काढून जातात. संध्याकाळी हे सगळे गेले की अंगणाच्या कठड्याशी तुम्ही, खाली नदी, लांबलचक मालवाहू बोटी एकामागोमाग एक चाललेल्या, आणि समोरच्या डोंगरावरचं ऊन हळूहळू वर सरकत जातं. ते बघायला निवांत संध्याकाळ लागते. आणि धुकं बघायचं असेल तर सकाळही लागते, म्हणजे दोन रात्री आल्याच.

बुकिंग

जर्मनीतल्या सगळ्या युगेंडहेर्बेर्गे एका संघटनेखाली येतात, डीजेएच म्हणतात तिला, आणि ती पुढे हॉस्टेलिंग इंटरनॅशनल ह्या जागतिक संघटनेचा भाग आहे. ही हॉस्टेलची कल्पनाच मुळात जर्मनीतली बरं का. रिचर्ड शिरमान नावाचे शाळामास्तर १९०९ मधे मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते, वादळात सापडले, एका शाळेत रात्र काढावी लागली, आणि तिथे त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळांमधे मुलांची राहायची सोय का होऊ नये. त्यातूनच आल्टेना गावच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. म्हणजे किल्ल्यात हॉस्टेल हे कोणी पर्यटकांसाठी काढलेलं नवीन खूळ नाही, सुरुवातच तिथून आहे. श्टालेकमधलं हॉस्टेल पण १९२० च्या दशकापासून आहे.

नाव यूथ असलं तरी वयाची अट नाही. माझे बाबा ७१ वर्षांचे असताना राहिलेत. पण मेंबरशिप लागते. जर्मनीत राहत असाल तर डीजेएचची वार्षिक मेंबरशिप घ्या, फॅमिलीची एकच घेतली की झालं. भारतातून येणार असाल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपल्याकडे ज्यांच्यासोबत बरेच जण हिमालयात ट्रेकला जातात ती वायएचएआय, ती पण हॉस्टेलिंग इंटरनॅशनलमधेच आहे. आपलं कार्ड बाहेर चालतं का ते निघायच्या आधी त्यांना विचारून घ्या. कार्ड नसलं तरी अडत नाही, पाहुण्यांसाठीचं कार्ड तिथल्या तिथे घेता येतं, थोडे पैसे जास्त जातात इतकंच.

बुकिंग थेट हॉस्टेलच्या साइटवरून किंवा ईमेल करून करा. ईमेल इंग्लिशमधे चालतो, मी सुरुवातीला तसंच केलं होतं. त्यात सरळ लिहायचं: किती माणसं, मुलांची वयं, कोणत्या दोन रात्री, शाकाहारी किती, आणि वयस्कर माणूस आहे त्यामुळे कमी जिने असलेली खोली मिळेल का. हे शेवटचं नक्की लिहा कारण किल्ला म्हटला की जिने आलेच, आणि आधी सांगितलं तर ते लोक खरंच लक्ष ठेवून खोली देतात. खोलीतच शॉवर-टॉयलेट आहे ना तेही बघून घ्या. इथे भाडं खोलीमागे नसतं तर माणशी असतं, त्यात नाश्ता आणि बेडच्या चादरी धरलेल्या असतात, लहान मुलांना सवलत. त्यामुळे चार जणांचा हिशोब करताना हॉटेलच्या खोलीशी तुलना करायची तर नाश्त्यासकट करा.

कधी जायचं? मे, जून आणि सप्टेंबर हे महिने शाळांच्या सहलींचे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत अख्खे वर्ग येऊन राहिलेले असतात, आवाज असतो, आणि खोल्या पण पटकन भरतात. उन्हाळ्यातल्या काही शनिवारी नदीवर मोठी आतषबाजी असते, त्या रात्री महिनोन्महिने आधी भरलेल्या. माझ्या मते सगळ्यात उत्तम ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा, द्राक्षाचे मळे पिवळे झालेले असतात, सकाळी नदीवर धुकं असतं, आणि बोटी अजून चालू असतात. हिवाळ्यात स्वस्त आणि शांत, पण बोट नाही, गावातली बरीचशी रेस्टॉरंटं बंद, आणि नाताळच्या दिवसांत हॉस्टेलच बंद असू शकतं. तीन-चार महिने आधी बुक केलं तर शनिवार-रविवार मिळतो असा माझा अनुभव.

शेंगेन व्हिसावर येणाऱ्यांनी बुकिंगच्या कन्फर्मेशनवर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून मागा. ग्रुपचं बुकिंग एकाच नावावर असतं आणि मग व्हिसाच्या फाइलमधे बाकीच्यांच्या मुक्कामाचा पुरावा राहत नाही, माझ्या मावशीच्या वेळी हे ऐनवेळी लक्षात आलं होतं. एका ईमेलवर सुधारून मिळालं, पण आधीच मागितलेलं बरं.

सामान, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं

मोठी चाकांची बॅग घेऊन वर जाऊ नका. पहिल्या वेळी आम्ही तेच केलं. गावातले रस्ते दगडी, आणि वर जायची पायवाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, उंच-सखल, काही ठिकाणी झिजलेल्या. अर्ध्यात बॅगेचं चाक तुटलं, मग २३ किलोची बॅग मी आणि नवरा दोन बाजूंनी धरून वर नेली आणि आईला एकटीला मागे हळूहळू यावं लागलं. तिचा हात धरायला कोणी नव्हतं ह्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मोठं सामान माइन्झ स्टेशनच्या लॉकरमधे, आणि वर फक्त पाठीवरची सॅक. दोन रात्रींचे कपडे, चांगल्या ग्रिपचे बूट, पातळ जॅकेट (वर वारा असतो, जुलैतसुद्धा रात्री लागतं), टॉवेल, औषधं, टॉर्च.

टॉवेल विसरू नका. चादरी मिळतात पण टॉवेल सहसा भाड्यात नसतो, मागितला तर पैसे देऊन मिळतो.

खाण्याचं सामान नेताना एक नियम लक्षात ठेवा, युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे भारतातून येणाऱ्यांनी पेढे, खवा, पनीर, तूप बॅगेत घालायचं नाही. भडंग, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेलातल्या चकल्या, कुरकुरीत खाकरे हे बिनधास्त. आणि हॉस्टेलमधे स्वयंपाकाची सोय नसते! बाकी देशांतल्या हॉस्टेलमधे पाहुण्यांसाठी किचन असतं तसं जर्मनीतल्या युगेंडहेर्बेर्गेमधे बहुतेक ठिकाणी नाही, आणि खोलीत इंडक्शन वगैरे लावणं तर अजिबात नको, जुनी इमारत आहे, लाकूड आहे. गरम पाणी जेवणाच्या हॉलमधे मागितलं की मिळतं, त्यात इन्स्टंट उपमा-पोहे होतात.

पोचायचं कसं

फ्रँकफर्ट विमानतळाच्या खालीच रिजनल स्टेशन आहे. तिथून लोकल किंवा रिजनल ट्रेननं माइन्झ, अर्ध्या तासाच्या आत. माइन्झला मिटेलऱ्हाइनबान नावाची गाडी पकडायची, नंबर आरबी २६, कोब्लेन्झ-कोलोनच्या दिशेनं जाणारी. ती छोट्या छोट्या स्टेशनांवर थांबते आणि बाखाराखला पाऊण तासाच्या आसपास पोचते. साधारण तासाला एक गाडी. सुपरफास्ट आयसीई किंवा आयसी बाखाराखला थांबत नाही, तिच्यात चुकून बसलात तर डोळ्यासमोरून गाव निघून जाईल.

तिकिटाचं म्हणाल तर जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभर लोकल-रिजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, असेलच, ते चालतं, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो झालंय. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांनाही ते घेता येतं पण ते सबस्क्रिप्शन असतं, बंद करायला त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आमच्या ओळखीत दोघांचे गेलेत असे. माइन्झहून निघणार असाल आणि तिघं-चौघं-पाच जण असाल तर ह्या राज्याचं राइनलँड-प्फाल्झ टिकेट बघा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर रिजनल गाड्यांनी फिरता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर चालू होतं आणि विमानतळापासून चालत नाही कारण विमानतळ दुसऱ्या राज्यात आहे.

गाडीत उजव्या बाजूला बसा. बिंगेन सोडलं की नदी अगदी रुळाला लागून येते, आधी बेटावरचा उंदीर-मनोरा, मग पलीकडे एहरेनफेल्सचे अवशेष, आणि डाव्या बाजूला डोक्यावर ऱ्हाइनश्टाइन, रायखेनश्टाइन, झोनेक असे किल्ले एकामागून एक. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतची ही ६५ किलोमीटरची दरी २००२ पासून जागतिक वारसा आहे, आणि ह्या पट्ट्यात चाळीसेक किल्ले आहेत. नदी अरुंद, दोन्ही बाजूला डोंगर, आणि जाणाऱ्या प्रत्येक बोटीकडून जकात घ्यायची हाच धंदा होता, म्हणून इतके किल्ले. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी किल्ला असतो ना तसंच, फक्त इथे घाटाच्या जागी नदी.

निघायच्या आदल्या रात्री डीबी नॅव्हिगेटर ॲप उघडून गाडी चालू आहे ना बघा. त्यात ‘शीनेनएरझाट्सफेरकेअर’ असा लांबलचक शब्द किंवा नुसतं एसईव्ही दिसलं तर रुळाचं काम चालू आहे, गाडीऐवजी बस आहे, आणि बसचा थांबा स्टेशनच्या बाहेर कुठेतरी असतो. त्यासाठी वीस मिनिटं हातात ठेवा.

उन्हाळ्यात वेळ असेल तर जाताना गाडी आणि येताना बोट असं करा. केडी कंपनीच्या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि बाखाराखला धक्का आहे. प्रवाहाबरोबर, म्हणजे कोब्लेन्झकडे जाणारी बोट भरभर जाते, उलट दिशेला बराच वेळ लागतो, हे वेळापत्रक बघताना लक्षात घ्या.

वर चढताना

स्टेशनमधून बाहेर आलात की नदी उजव्या हाताला ठेवून सरळ गावात शिरायचं, ओबरश्ट्रासे हा मुख्य रस्ता. पाच-सात मिनिटांत बाजारचौक आणि सेंट पीटरचं चर्च येतं. चर्चसमोरच्या कोपऱ्यावर आल्टेस हाउस, लाकडी चौकटीचं वाकडंतिकडं जुनं घर, आत्ता आहे ती इमारत १५६८ ची. चर्चच्या बाजूनं पायऱ्या सुरू होतात, तिथे पाटी आहे.

इथून किल्ल्यापर्यंत मला १५ मिनिटं लागतात, आईला ३५ लागली. पाण्याची बाटली हातात ठेवा, सॅकमधे नको. पहिला टप्पा वेर्नरकापेलेपर्यंत, ही लाल दगडाची छत नसलेली गॉथिक चॅपल, खिडक्यांच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि त्यातून नदी दिसते. सगळे इथे फोटो काढतात, तुम्हीही काढा, पण ह्या जागेची गोष्ट माहीत असू द्या. १२८७ मधे वेर्नर नावाच्या १६ वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला आणि ज्यू लोकांनीच मारलं अशी खोटी आवई उठवून ऱ्हाइनकाठच्या गावागावांत ज्यू लोकांच्या कत्तली केल्या गेल्या. मग त्याच मुलाला संत मानून त्याच्या नावानं हे चॅपल बांधलं. त्या पूजेला चर्चनं थेट १९६३ मधे संतांच्या कॅलेंडरमधून काढलं. पहिल्या वेळी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, मी त्या कमानीत भाचीला उभं करून हसऱ्या चेहऱ्याचे फोटो काढले, आणि नंतर वाचल्यावर फार अस्वस्थ झाले. तेव्हापासून कोणालाही घेऊन गेले की आधी गोष्ट सांगते.

चॅपलपासून वरचा टप्पा जास्त उभा आहे पण झाडीतून जातो, सावली असते. पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी हट्ट करू नका, मागच्या बाजूनं डोंगरावरून गाडीरस्ता आहे, टॅक्सीनं वर जाता येतं. टॅक्सी स्टेशनवर उभी नसते, आधी फोन करून बोलवावी लागते, हॉस्टेलच्या लोकांना ईमेलमधे विचारलं की ते नंबर देतात. स्वतःची गाडी असेल तर वर जागा मोजक्याच, शनिवारी उशिरा गेलात तर मिळेलच असं नाही.

आत गेल्यावर

दारासमोर खंदक आहे आणि त्यात पाणी आहे. डोंगरावरच्या किल्ल्याला पाण्यानं भरलेला खंदक जर्मनीत फार दुर्मिळ. आमच्या बाबांनी निम्मा सह्याद्री पालथा घातलाय, ते तिथेच दहा मिनिटं उभे राहिले, पाणी कुठून येतं, कोरलेला आहे की बांधलेला, सगळं निरखून मगच आत आले.

किल्ला ११३५ च्या कागदपत्रांत पहिल्यांदा सापडतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्यानं १६८९ मधे तो सुरुंग लावून उडवला, त्याचेच दगड खाली पडून वेर्नरकापेलेही मोडलं. १६८९ म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराज आठवतात आणि रायगड पडल्याचं आठवतं, त्याच वर्षी इकडे हा गड पडला होता, हे ऐकल्यावर बाबा एकदम गप्प झाले. मग जवळजवळ अडीचशे वर्षं इथे नुसते अवशेष होते. आज जी इमारत दिसते ती १९२५ पासून पुढे जुन्या पायावर परत उभी केलेली आहे, त्यामुळे ‘बाराव्या शतकातल्या खोलीत झोपलो’ असं म्हणता येणार नाही, पण भिंतींची जाडी, मनोरा, खिडक्यांच्या खोल बैठका सगळं जुन्या धर्तीवर केलंय. नाझी काळात हा किल्ला वाईट कामालाही वापरला गेला, १९४२ मधे लक्झेंबर्गमधे जर्मनांविरुद्ध संप झाला तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांना आईबापांपासून तोडून इथे ‘सुधारायला’ आणून ठेवलं होतं.

एक छान गोष्ट पण आहे. ११९४ च्या सुमाराला इथे कोनराड नावाचा सरदार राहायचा, जर्मन बादशहा बार्बारोसाचा सावत्र भाऊ. त्याची मुलगी आग्नेस, तिचं लग्न फ्रान्सच्या राजाशी लावायचं घाटत होतं, पण तिचं मन विरोधी घराण्यातल्या हाइनरिशवर. बाप बाहेर गेलेला असताना आईनं त्या मुलाला किल्ल्यात बोलावून गुपचूप लग्न लावून दिलं. दोन भांडणाऱ्या घराण्यांचा समेट व्हायला पुढे ह्या लग्नाची मदतच झाली. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट अंगणात बसून सांगा, आमची भाची ‘त्या आजीची खोली कुठली’ म्हणून सगळा किल्ला शोधत होती.

रिसेप्शनला चावी मिळते, आणि लगेच तीन गोष्टी विचारून घ्या: रात्री बाहेरून आल्यावर दार कसं उघडायचं, नाश्ता-जेवण किती ते किती, आणि निघायच्या दिवशी खोली किती वाजता सोडायची. दार उघडायचं विचारलं नाही आणि गावात जेवायला उतरलात तर वर येऊन अंधारात उभं राहायची वेळ येते.

बेड आपला आपण करायचा. चादरींची चळत खोलीत किंवा रिसेप्शनला मिळते, त्यात तीन नग असतात. एक खालची चादर, एक उशीची खोळ, आणि एक मोठी पिशवीसारखी खोळ ती दुलईची. आपल्या लोकांचा गोंधळ हमखास ह्या तिसऱ्या नगावर होतो, मावशीनं ती चादर समजून अंगावर घेतली आणि दुलई वर वेगळी. खोळ उलटी करायची, हात आतून वरच्या दोन कोपऱ्यांत घालायचे, त्याच हातांनी दुलईचे दोन कोपरे पकडायचे आणि खोळ सुलटी करत खाली झटकायची, मग खालची बटणं लावायची. एकदा जमलं की अर्ध्या मिनिटाचं काम. वरचा बेड कोणाला ते आधीच ठरवा, शिडी अरुंद असते, पन्नाशीच्या वरच्या कोणाला तिथे चढवू नका.

रात्री दहानंतर शांतता पाळायची. मुलांना आधी सांगून ठेवा, कारण दगडी जिन्यात आवाज फार घुमतो. बाहेरची दारू आत आणून प्यायला मनाई असते, वाइन तिथेच मिळते, आजूबाजूच्याच मळ्यांतली रीसलिंग. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी आंबटसर, ‘लीबलिश’ म्हणजे गोडसर. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस मागा, ट्राउबेनझाफ्ट, तो पण सुंदर असतो.

झोपेबद्दल खरं सांगायला हवं. ह्या दरीत नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धावतात. किल्ला उंचावर असला तरी दरीतून आवाज वर येतो. मला आता त्याची सवय झाली, आवडतो पण, पण झोप हलकी असेल तर इअरप्लग न्या किंवा नदीकडची खोली मागू नका.

खाणं

नाश्ता भरपूर असतो. ताजे ब्रोटशेन म्हणजे छोटे कडक पाव, लोणी, जॅम, चीज, अंडी, दही, म्यूसली, फळं, चहा-कॉफी. शाकाहारी माणसाचा नाश्ता आरामात होतो. जेवणासाठी बुकिंगच्या वेळीच ‘हाल्बपेन्झिओन’ घ्या, म्हणजे रात्रीचं जेवण धरून. जेवण आपल्या मानानं फार लवकर असतं, संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि उशिरा आलात तर स्वयंपाकघर बंद. मी तरीही घ्याच म्हणते, कारण नाहीतर जेवायला खाली उतरा आणि अंधारात परत चढा.

शाकाहारी सांगताना नुसतं ‘व्हेगेटारिश’ म्हणून थांबू नका, पुढे ‘ओने फ्लाइश, ओने फिश’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. सूपमधे मांसाचा अर्क आहे का ते वेगळं विचारा, भाजीचं सूप दिसलं तरी. अंडं नको असेल तर ‘ओने आय’. जे मिळतं ते साधं असतं, पास्ता, बटाटे, उकडलेल्या भाज्या, सॅलड. आमच्या आईनं पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली आणि बटाट्यांवर घातली, समोरच्या जर्मन कुटुंबातल्या मुलीनं कुतूहलानं विचारलं तर तिलाही दिली, मग तिच्या आजीनं दोनदा मागून घेतली. तर चटणीची पुडी जवळ ठेवाच.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. फळं, पाणी, औषधं जे काय लागेल ते शनिवारी माइन्झ किंवा बिंगेनलाच घेऊन या, गावात किराणा फार मिळत नाही.

मधला दिवस

दोन रात्री म्हणजे मधे एक अख्खा दिवस हातात. सकाळी लवकर उठून आधी अंगणात जा, नाश्त्याच्याही आधी. मग खाली उतरून गावच्या जुन्या तटबंदीवरून चाला, नदीच्या बाजूला तटावरूनच वाट जाते, एका हाताला घरांच्या खिडक्या आणि दुसऱ्या हाताला रेल्वे. त्यानंतर पोस्टेनटुर्म, मळ्यांमधला बुरूज, वर जायला लाकडी जिना आहे, तिथून किल्ला, चॅपल, चर्च आणि नदी एका नजरेत दिसतात. बाखाराखचा तो प्रसिद्ध फोटो असतो ना तो ह्याच बाजूचा.

दुपारी काउबला जा. तीनेक किलोमीटर नदीकाठानं चाललात की फेरीबोट लागते, ती पलीकडे काउबला सोडते. माइन्झ ते कोब्लेन्झमधे ऱ्हाइनवर एकही पूल नाही, सगळा व्यवहार फेरीवर. काउबसमोर नदीच्या मधोमध एका खडकावर प्फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला आहे, १३२७ मधे जकात वसुलीसाठी बांधायला घेतलेला, लांबून दगडी जहाजच वाटतो. काउबहून छोटी बोट तिथे नेते, पण नदीला पूर असेल तर बंद. इथूनच १८१४ च्या नववर्षाच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशरनं तरंगत्या पुलावरून आपलं सैन्य नेपोलियनच्या मागावर पलीकडे नेलं.

चालायची आवड असेल तर ऱ्हाइनबुर्गेनवेग नावाची पायवाट किल्ल्याजवळूनच जाते, ओबरवेझलपर्यंत चालत जाऊन गाडीनं परत येता येतं, चढ-उतार बरेच आहेत, अर्धा दिवस धरा. लोरेलायचा खडक बघायचा तर त्यासाठी वेगळी खटपट करू नका, बोटीतून किंवा गाडीच्या खिडकीतून दिसतो तेवढा पुरे. १३२ मीटर उंच कडा आहे, खालून जास्त भव्य वाटतो.

श्टालेक भरलं असेल तर? कोब्लेन्झला एहरेनब्राइटश्टाइन ह्या प्रचंड किल्ल्यात हॉस्टेल आहे, शहरातून नदीवरून रोपवेनं जाता येतं त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना ते जास्त सोयीचं. आणि लान नदीवरच्या डीट्स गावातही किल्ल्यात हॉस्टेल आहे, तिथे पर्यटक फार कमी येतात.

निघताना

सकाळी नाश्त्याला जायच्या आधीच चादरी काढा. दुलईची खोळ, उशीची खोळ, खालची चादर, सगळं काढून सांगतील त्या ठिकाणी, सहसा खालच्या टोपलीत, टाकायचं, दुलई घडी करून पलंगावर ठेवायची. कचरा वेगवेगळा. खिडकी बंद. चावी रिसेप्शनला.

गाडीची वेळ बघून किमान ४० मिनिटं आधी किल्ला सोडा, वयस्कर माणसं असतील तर तास. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो आणि सकाळी दवामुळे पायऱ्या ओल्या असतात, त्यामुळे मोठ्यांच्या पुढे आपण चालायचं, मागे नाही, म्हणजे पाय घसरला तर धरायला आपण असतो. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरते, चॅपलपाशी थांबून पाणी पिते, आणि मग चर्चपर्यंत सरळ.